फुलाच्या बुडाशी चीर: मकरंदचोर भुंग्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सगळ्या प्रश्नांचा धागा एकच आहे. फुलाच्या तोंडातून आत न शिरता त्याच्या बुडाशी भोक पाडून मकरंद पिणाऱ्या माश्या, आणि त्यामुळे झाडाचे नेमके काय होते. बागाईतदार, मधपाळ, शिक्षक, तूर पिकवणारे शेतकरी अशा सर्वांनी हा प्रश्न आपापल्या बाजूने विचारला आहे.

प्रश्न: अंगणात टेकोमाची, म्हणजे पिवळ्या घंटाफुलांची, तीन झाडे आहेत. मोठे काळे भुंगे फुलाच्या आत जातच नाहीत. देठाकडच्या बाजूला बसतात, क्षणभर थांबतात आणि पुढच्या फुलावर जातात. नंतर पाहिले तर तिथे उभी चीर दिसते. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. भुंग्यांमुळे झाड खराब होते आहे का? औषध फवारावे का?
— नाशिक

उत्तर: औषध फवारू नका. आधी खाली पडलेली दहा-वीस फुले उचलून नीट पाहा. नुसती पिवळी घंटा पडली असेल आणि हिरवा पेला व त्यातली बारीक दोऱ्यासारखी कुक्षीनळी फांदीवरच असेल, तर ही नैसर्गिक गळ आहे. टेकोमाची घंटा उमलल्यावर दोन-एक दिवसांत गळतेच, चीर असो वा नसो. देठासकट, हिरव्या पेल्यासकट आख्खे फूल पडत असेल तर कारण बहुधा पाण्याचा ताण, उष्णतेची लाट किंवा कळीतली अळी असते. भुंग्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

आता चिरेबद्दल. टेकोमाचे फूल तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळते असते, आणि मकरंद अगदी तळाशी, अंडाशयाभोवती साचतो. भुंगा म्हणजे लाकूड पोखरून घर करणारी मोठी सुतार माशी. त्याचे अंग जाड, त्यामुळे समोरून आत शिरून तळ गाठणे त्याला अवघड जाते. मात्र त्याच्या सोंडेभोवती पात्यासारखे कडक भाग असतात. ते नळीच्या भिंतीत खुपसून तो फटीतून मकरंद ओढतो. याला मकरंदचोरी म्हणतात. फूल मकरंद देते ते परागकण वाहून नेण्याच्या मोबदल्यात. बुडातून पिणाऱ्याचे अंग पुंकेसरांना आणि कुक्षीला लागतच नाही, म्हणजे मोबदला घेतला आणि काम केले नाही. पहिले भोक पाडणारा तो मूळ चोर. त्याच भोकातून नंतर पिणाऱ्या मधमाश्या, मुंग्या आणि लहान माश्या हे दुय्यम चोर. एकदा चीर पडली की एका फुलावर दिवसभर असे बरेच पाहुणे येऊन जातात.

यात झाडाचे नुकसान होते का? चार्ल्स डार्विनने 1876 साली लिहिले की पाकळ्यांना भोके पाडून मकरंद चोरला गेला तर प्रत्येक झाडाला थोडाफार फटका बसणारच. ऐकायला हे पटते, पण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत झाडोझाडी मोजणी झाली तेव्हा उत्तर एकच आले नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत लाल नळीच्या फुलांचे एक रानझाड आहे. त्याचे परागीकरण हमिंगबर्ड पक्षी करतात आणि तिथली एक गुबगुबीत भ्रमरमाशी (बंबलबी) त्याची फुले बुडातून लुटते. रिबेका अर्विन आणि अ‍ॅलिसन ब्रॉडी या संशोधकांनी तिथे मोजणी केली. ज्या झाडांची ऐंशी टक्क्यांहून जास्त फुले लुटली गेली होती, त्यांचे प्रजननाचे यश जवळजवळ निम्म्यावर आले. भोकाने फुलाला थेट इजा केली नव्हती. मकरंद कमी सापडल्यामुळे हमिंगबर्ड त्या झाडांवर कमी थांबले, म्हणून परागकणांची ने-आण घटली.

याच्या अगदी उलट चित्र स्पेनमध्ये दिसले. तिथल्या डाळवर्गीय कुळातल्या एका रानफुलावर बुडातून मकरंद चोरणाऱ्या भ्रमरमाश्या फुलांच्या गुच्छावर चालताना पोटाने पुंकेसर-कुक्षी चोळत होत्या, आणि चिरलेल्या फुलांनाच फळे जास्त धरली. तिसरी शक्यताही आहे. मकरंद थोडाच मिळाला तर खरी परागवाहक माशी एकाच झाडावर रेंगाळत नाही, लांबच्या झाडांकडे वळते. त्यामुळे एकाच झाडाच्या फुलांतला परागांचा देवघेव कमी होतो आणि दूरचे पराग येतात.

म्हणून चिरा मोजून नुकसान ठरवता येत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. भोकाने अंडाशयाला इजा झाली का? त्या फुलाचा खरा परागवाहक कोण, आणि तो मकरंद आटला म्हणून येणे सोडतो का? आणि झाडाला बी कमी धरल्याने तुमचे काही बिघडते का? टेकोमा मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे शोभेसाठी लावलेला. जगात अनेक ठिकाणी तो बियांवाटे रानात पसरून डोकेदुखी झाला आहे. नाशिकच्या अंगणात त्याला चार शेंगा कमी लागल्या तर ते बरेच आहे. झाडाचे आरोग्य, पालवी, पुढचा बहर यांवर चिरांचा परिणाम होत नाही.

प्रश्न: माझ्याकडे सातेरीच्या पेट्या आहेत. शेजारच्या शेतकऱ्याने लसूणघास बियाण्यासाठी राखला आहे. तो म्हणतो, तुमच्या माश्या बाजूने तोंड घालून मध चोरतात, बी धरत नाही. मधमाशी फूल कुरतडते का?
— सातारा जिल्हा

उत्तर: कुरतडत नाही. मधमाशीचे जबडे मेण मळण्यासाठी घडलेले, गुळगुळीत कडांचे असतात. पाकळीची ताजी नळी कापणे तिला जमत नाही. सातेरी असो, फुलोरी, आग्या किंवा मेलिफेरा, यांपैकी कुणाला तुम्ही फुलाच्या बुडाशी पाहिलेत, तर भोक आधीच दुसऱ्याने पाडलेले असते.

पण शेजाऱ्याचे म्हणणे लसूणघासाबाबत खरे ठरू शकते. या फुलाची रचना सापळ्यासारखी आहे. पुंकेसर आणि कुक्षी मिळून झालेला दांडा खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्यांत ताणलेला असतो. माशीने वजन दिले की तो झटक्यात वर उसळतो आणि तिच्या डोक्याखाली आदळतो. याला फूल उसळणे म्हणू. उसळल्याशिवाय बी जवळजवळ धरत नाही. मधमाशीला हा मार आवडत नाही. काही फेऱ्यांत ती शिकते की पाकळ्यांच्या फटीतून बाजूने सोंड घातली तर मार न खाता मकरंद मिळतो. भोक न पाडताही ही चोरीच झाली.

चारा म्हणून लसूणघास कापत असाल तर याने काही बिघडत नाही. बियाण्यासाठी राखला असेल तर पुढील काळजी घ्या. पेट्या एकदम आणून ठेवू नका. निम्म्या फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणा, उरलेल्या आठ-दहा दिवसांनी. नव्याने आलेल्या माश्यांना युक्ती माहीत नसते, त्या चुकून पुष्कळ फुले उसळवतात. पराग गोळा करणाऱ्या माश्या मकरंद गोळा करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त फुले उसळवतात, म्हणून अंडी-अळ्या भरपूर असलेल्या आणि परागाची गरज असलेल्या वसाहती निवडा. दिवसातून एकदा फुलोऱ्यात फिरून शंभर फुले पाहा. उसळलेल्या फुलात दांडा वरच्या मोठ्या पाकळीला टेकलेला दिसतो आणि ते फूल लवकर सुकते. शेत दिवसेंदिवस ताज्या फुलांनी गच्च भरलेले दिसू लागले, तर ते चांगले लक्षण नाही. याचा अर्थ फुले उसळतच नाहीत आणि म्हणून ती टिकून आहेत. अमेरिकेत लसूणघासाचे बी घेणारे शेतकरी याच कारणाने पानकापी माशी पाळतात. ती मार खाते आणि काम करते. आपल्या बांधावर गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी माशी दिसली तर ती याच गटातली. तिच्यासाठी बांधावर पोकळ, वाळलेल्या काड्या ठेवा.

प्रश्न: परसात पिवळ्या पॅशन फ्रूटचा एकच वेल आहे, मांडवभर फुलतो. मधमाश्या सकाळ-संध्याकाळ असतात, भुंगेही येतात. तरी फळ धरत नाही. मकरंदचोर कारणीभूत आहेत का?
— कुडाळ

उत्तर: इथे भुंगा चोर नाही. या वेलीला फळ धरायचे तर त्याच्याइतका कामाचा पाहुणा दुसरा नाही. फूल मोठे, पराग असलेले केसर उंचावर लटकलेले. भुंगा खाली मकरंदाच्या कड्याभोवती फिरतो तेव्हा त्याची पाठ बरोबर केसरांना आणि कुक्षींना घासते. मधमाशी मात्र इतकी लहान की ती खालून निघून जाते, किंवा थेट केसरांवर बसून पराग खरवडून नेते. म्हणजे या फुलावर चोर मधमाशी आहे आणि चोरीही मकरंदापेक्षा परागाची आहे. ब्राझीलमध्ये याची व्यापारी लागवड मोठी आहे, आणि तिथेही भुंग्यांना जपतात.

तुमची खरी अडचण मात्र वेल एकच असणे ही आहे. पिवळी जात स्वतःचे पराग स्वीकारत नाही. त्याच वेलाची फांदी लावून दुसरा केला तरी उपयोग नाही, कारण तो तोच वेल. बियांपासून वाढवलेला, वेगळ्या झाडाचा दुसरा वेल हवा.

दुसरा वेल फुलेपर्यंत ओळखीच्या कुणाकडून फूल आणून हाताने परागीकरण करा. पिवळ्या जातीचे फूल दुपारी उमलते आणि रात्री मिटते. उमलल्या उमलल्या हात लावू नका. सुरुवातीला तिन्ही कुक्षी वर, सरळ असतात. तासाभरात त्या खाली वाकून केसरांच्या पातळीला येतात, तेव्हा फूल तयार होते. दुसऱ्या वेलाच्या फुलातला पिवळा, पिठूळ केसर चिमटीत धरून तिन्ही कुक्षींवर हळू पण भरपूर घासा. तिन्हींवर पराग पडला तर फळ मोठे आणि रसाळ होते. एकीवरच पडला तर लहान आणि पोकळ राहते. काही फुलांच्या कुक्षी शेवटपर्यंत वाकत नाहीत. त्यांच्यावर श्रम वाया घालवू नका. आणि दुपारनंतर वेलावर पाणी शिंपडू नका. पॅशन फ्रूटचा परागकण पाणी लागताच फुटतो. पावसाळी दुपारच्या फुलांना फळ न धरण्याचे हेच कारण असते.

प्रश्न: कनिष्ठ महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी मकरंदचोरीवर एक प्रकल्प घ्यायचा आहे. खर्च कमी हवा, पण निष्कर्ष भरवशाचा हवा.
— सोलापूर

उत्तर: हा प्रकल्प खरोखर करण्याजोगा आहे. नळीची फुले, बुडाशी चिरा आणि सहज मोजता येणारी शेंग किंवा फळ असलेले कुठलेही झाड चालेल. आवारात टेकोमा असेल तर तोच घ्या, त्याची लांब शेंग चुकत नाही. एकाच झाडावर सगळा प्रयोग करू नका. किमान सहा झाडे हवीत. एका झाडावरची तीस फुले ही तीस वेगळी निरीक्षणे नसतात, कारण त्या सगळ्यांना एकच पाणी, एकच ऊन आणि एकच मुळे मिळतात. बहुतेक शालेय प्रकल्प इथेच फसतात.

प्रत्येक झाडावर उद्या-परवा उमलतील अशा वीस कळ्या निवडा आणि पाच-पाचचे चार गट करा. ओळखीसाठी देठाला वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा सैल बांधा. पहिला गट जसा आहे तसा मोकळा ठेवा. दुसऱ्या गटातल्या कळीच्या बुडाभोवती प्लास्टिकच्या स्ट्रॉचा कॉलर बसवा. कळीच्या जाडीची स्ट्रॉ घ्या, 10 ते 12 मिलिमीटरचा तुकडा कापा, लांबीत एक उभी चीर द्या आणि तो हिरव्या पेल्यावरून नळीच्या खालच्या भागावर सरकवा. समोरचा दरवाजा उघडा राहतो, बुडाची भिंत झाकली जाते, भुंग्याला भोक पाडता येत नाही. तिसऱ्या गटावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, म्हणजे कोणीच येणार नाही. चौथ्या गटालाही पिशवी बांधा, मात्र फूल उमलल्यावर दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीला लावा आणि पिशवी परत बांधा.

पहिल्या आणि दुसऱ्या गटातला फरक म्हणजे चोरीचा परिणाम. तिसऱ्या गटाला काहीच धरले नाही तर या झाडाला पाहुण्यांची गरज आहे. चौथ्या गटाला पहिल्यापेक्षा बरेच जास्त धरले तर इथे परागांची टंचाई आहे, आणि अशा झाडावरच चोरीचा फटका बसण्याची शक्यता असते. पराग भरपूर पोचत असतील तर थोडी चोरी झाडाला जाणवतही नाही.

कॉलर कळी असतानाच घाला. फूल उमलल्यानंतर घालायला गेलात तर चीर पहाटेच पडून गेलेली असते. कॉलर घट्ट बसला तर नळी काळी पडते, सैल बसला तर घसरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाहा. पिशवीचे कापड कुक्षीला टेकू नये यासाठी आत तारेची छोटी कडी ठेवा. मुंग्या देठावरून पिशवीत शिरतात, तेव्हा तोंड कापसाने बंद करा. टेकोमाची कुक्षी दोन पाळ्यांची असते आणि स्पर्श होताच त्या मिटतात. म्हणून चौथ्या गटात पराग एकाच वेळी, मऊ कुंचल्याने भरपूर लावा, दुसऱ्यांदा संधी मिळेलच असे नाही. फूल गळून गेल्यावर पिशव्या काढा, म्हणजे कोवळी शेंग दमट होऊन कुजणार नाही.

सोबत पाहुण्यांची नोंद ठेवा. सकाळी 7, 10, दुपारी 1 आणि 4 वाजता पंधरा-पंधरा मिनिटे एका ठरावीक फांदीकडे पाहा आणि प्रत्येक भेटीसमोर एवढेच लिहा: कोण आले, तोंडातून की बुडातून. रोज संध्याकाळी पन्नास फुले तपासून किती चिरली गेली ते लिहा. मकरंद मोजायचा असेल तर 5 मायक्रोलिटरची काचेची केशनळी बुडाशी टेकवा. मकरंदाच्या स्तंभाची लांबी भागिले नळीची एकूण लांबी, गुणिले 5, म्हणजे आकारमान. साखर मोजायच्या साध्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन-तीन थेंब लागतात, एका फुलाने भागत नाही. एकाच वेळी काढलेला दहा फुलांचा मकरंद एकत्र करा. शेंगा तडकण्याआधी तोडा, नाहीतर पंखांचे हलके बी उडून जाते आणि मोजणी चुकते.

प्रश्न: आमच्या परसात रॅबिटआय जातीच्या ब्लूबेरीची झुडपे आहेत. मार्चमध्ये फुलांवर मोठ्या काळ्या माश्या येतात, त्यांच्या मागोमाग मधमाश्या त्याच भोकातून पितात. फळे कमी आणि बारीक. जाळी घालावी का?
— अटलांटा, अमेरिका

उत्तर: फुलोऱ्यात जाळी घालू नका. चोरांबरोबर परागवाहकही बाहेर राहतील आणि जे धरते आहे तेही जाईल. जाळी फळ रंगू लागल्यावर, पक्ष्यांसाठी घाला.

तुमचे निरीक्षण अचूक आहे. मकरंदचोरीचा पिकावर होणारा परिणाम ज्या थोड्या ठिकाणी नीट मोजला गेला, त्यात तुमच्याच जॉर्जिया राज्यातली ही ब्लूबेरी येते. तिथली सुतार माशी घंटेच्या बाजूला चीर पाडते आणि मधमाशी ती वापरायला शिकते. देदेज आणि डेलाप्लेन या संशोधकांनी मोजले तेव्हा कळले की चिरलेल्या फुलात साखर कमी असते, पण तिथून मधमाशी असेल त्यातला मोठा वाटा काढू शकते आणि एका फुलावर कमी वेळ घालवते. म्हणून ती सवय सोडत नाही. सुतार माश्या असलेल्या ठिकाणी मधमाश्यांकडून बीधारणा कमी झाली, आणि ब्लूबेरीत बी कमी म्हणजे फळ बारीक.

उपाय माश्यांच्या आधी झुडपांपासून सुरू करा. रॅबिटआय जातीला दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. सगळी झुडपे एकाच वाणाची असतील तर तेच पहिले कारण समजा. क्लायमॅक्स असेल तर शेजारी प्रीमियर लावा, टिफब्लू असेल तर ब्राइटवेल किंवा पावडरब्लू. ते एकाच वेळी फुलतात. मधमाश्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. त्या भागातली मूळची ब्लूबेरी-माशी जमिनीत बीळ करते आणि फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवून पराग पाडते. तिच्यासाठी उन्हातली, वाळूमिश्रित, गवत नसलेली जागा मोकळी ठेवा आणि तिथे आच्छादन टाकू नका. कुंपणाच्या उघड्या लाकडाला तेलरंग द्या म्हणजे सुतार माश्यांची घरे झुडपांच्या अगदी जवळ होणार नाहीत.

प्रश्न: मिरची जास्वंदीची फुले शिंजीर पक्षी बुडातून टोचतो. झाडाला बी कधीच धरत नाही. त्याचाच दोष का?
— म्हापसा, गोवा

उत्तर: नाही. न उमलणारी ही लोंबती जास्वंद आपल्याकडे फांद्यांवरून वाढवतात आणि तिला बी जवळजवळ धरतच नाही, शिंजीर येवो वा न येवो. त्याला पिऊ द्या.

प्रश्न: तूर फुलोऱ्यात आली की मोठे भुंगे येतात आणि फुले गळतात. मजूर म्हणतात, भुंगाच फुले पाडतो. सकाळी फवारणी केली की भुंगे मरून पडतात, पण शेंगा वाढत नाहीत.
— अमरावती जिल्हा

उत्तर: ही फवारणी ताबडतोब थांबवा. तुरीवर भुंगा मित्र आहे. तो फुलाच्या बाजूच्या दोन पाकळ्यांवर बसतो, त्याच्या वजनाने खालची होडीसारखी पाकळी दबते, केसर बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागतात आणि पराग दुसऱ्या झाडावर जातो. तूर स्वतःच्या परागाने शेंग धरते हे खरे, पण माश्यांमुळे होणारे परपरागीकरणही तिच्यात भरपूर आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने नरवंध्य, म्हणजे स्वतःचे पराग तयार न करणाऱ्या, ओळींवर संकरित तूर तयार केली. तिचे बीजोत्पादन तर पूर्णपणे माश्यांच्या ये-जा करण्यावर चालते.

तुरीची बहुतांश फुले निरोगी पिकातही गळतात. झाड जितकी पोसू शकते तितक्याच शेंगा ठेवते. गळ नेहमीपेक्षा जास्त वाटली तर गळलेल्या फुलांत कारण शोधा. फुले-पाने एकमेकांना जाळ्याने चिकटवलेली असतील तर मारुका अळी आहे. कळीला किंवा कोवळ्या शेंगेला गोल भोक असेल तर घाटे अळी. पाकळ्या आणि केसर कडेपासून खाल्लेले असतील तर लाल-काळ्या पट्ट्यांचे भुंगेरे. ते हातमोजे घालून सकाळी वेचा, त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. यातले काहीच नसेल तर जमिनीतला ओलावा आणि धुके-ढगाळ हवा पाहा.

अळीची सुरुवात असेल तर फुलोऱ्याच्या आरंभी 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून पिळून गाळा. वेगळ्या एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी फवारा. दोन वर्षांच्या जुन्या किंवा बुरशी आलेल्या निंबोळ्या वापरल्या, साबण विसरला किंवा भर उन्हात फवारले तर अर्क निकामी होतो, आणि मग लोक निंबोळीलाच दोष देतात. रासायनिक औषध टाळता येणार नसेल तर फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास, माश्या घरी गेल्यावर करा. सकाळची फवारणी नेमकी त्या वेळी फुलांवर असलेल्या भुंग्यांना मारते. आत बसलेली अळी त्यात बहुधा वाचते.

प्रश्न: पडवीच्या वाशांना भुंग्यांनी भोके पाडली आहेत. खाली भुसा पडतो. रॉकेल ओतावे असे सांगतात. भुंगे घालवले तर बागेचे नुकसान होईल का?
— रत्नागिरी

उत्तर: होईल. दारातला बहावा आठवा. बहाव्याच्या फुलात मकरंद नसतो, आणि त्याचा पराग केसरांच्या आतून तेव्हाच नीट बाहेर येतो जेव्हा मोठी माशी फुलाला धरून गुणगुणत थरथरते. हे काम आपल्याकडे मुख्यतः भुंगे करतात. तरवड आणि वांगे यांचेही तसेच. वांग्याच्या फुलातल्या केसरांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि मधमाशीला त्यातून पराग झटकता येत नाही. रुईच्या फुलातले परागाचे जड गोळे वाहून नेणाराही भुंगाच. टेकोमावर चोर असलेला हा कीटक बाकीच्या बागेचा राबता गडी आहे.

रॉकेल ओतू नका. लाकूड तेलकट होऊन पेट घेण्याचा धोका वाढतो आणि आतल्या अळ्या मरून कुजतात. मादी भोकातून आत शिरून बोगदा खणते. त्यात पराग-मकरंदाचा गोळा ठेवून एक अंडे घालते, भुशाची भिंत घालते आणि पुढचा कप्पा सुरू करते. अंड्यापासून भुंगा बाहेर पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. म्हणून सलग दोन महिने ये-जा आणि ताजा भुसा दिसला नाही तरच भोक लाकडाच्या लांबीने भरून वर लाकडी पुट्टी लावा, आणि सगळ्या वाशांना तेलरंग किंवा वॉर्निश द्या. रंगवलेले, गुळगुळीत लाकूड मादी सहसा निवडत नाही.

बंद करण्याआधी पर्यायी घर तयार असू द्या. वाळलेल्या बांबूचे 20 ते 25 सेंटिमीटरचे तुकडे कापा, एका टोकाला गाठ राहील आणि दुसरे उघडे असेल असे. आतली पोकळी 12 ते 18 मिलिमीटरची असावी. ओला बांबू घेतला तर आत बुरशी धरते. दहा-बारा तुकडे जुडीत बांधून दीड-दोन मीटर उंचीवर, सकाळचे ऊन येईल आणि पाऊस लागणार नाही अशा जागी लटकवा, उघडी तोंडे किंचित खाली झुकलेली. वाऱ्याने हलणारी जुडी मादी सोडून जाते, म्हणून खांबाला दोन ठिकाणी घट्ट बांधा. शेजारी मऊ, वाळलेल्या लाकडाचा एखादा जाड ओंडका उभा ठेवला तर तोही वापरला जातो. दोन वर्षांनी जुनी जुडी काढायची वेळ आली की नवी तिच्या शेजारी आधी लावा आणि जुनीतून ये-जा थांबल्यावरच ती उतरवा.